न वाचलेल्या पुस्तकाचा प्रेक्षक : ‘द विझर्ड ऑफ ऑझ’च्या आस्वादाचा इतिहास

१

साहित्यकृतीवर आधारलेल्या चित्रपटाची चर्चा बहुधा एका अनुच्चारित गृहीतकापासून सुरू होते. प्रेक्षकाने मूळ पुस्तक वाचलेले आहे, हे ते गृहीतक होय. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मध्ये चित्रपटकलेवर लिहिलेल्या निबंधात ‘अ‍ॅना कॅरेनिना’च्या पडद्यावरील रूपाविषयी नापसंती व्यक्त केली. डोळ्यांना दिसणारी अ‍ॅना आणि मनाला आतून ओळखीची असलेली अ‍ॅना यांचा मेळ बसत नाही, हे त्यांच्या तक्रारीचे सार होते. ही तक्रार वाचकाची आहे. जिला अ‍ॅना आतून माहीतच नाही, अशी एखादी बाई त्याच चित्रपटगृहात शेजारच्या खुर्चीवर बसलेली असू शकते, हा विचार त्या निबंधाच्या कक्षेत येत नाही. वोल्फगांग इझर यांनी वाचनप्रक्रियेचे विश्लेषण करताना ‘टॉम जोन्स’ या कादंबरीचा आणि तिच्यावरील चित्रपटाचा दाखला दिला. वाचक संहितेतील रिकाम्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरतो. पडदा त्या जागा आधीच भरून टाकतो आणि म्हणून वाचकाचा विरस होतो, असे त्यांचे प्रतिपादन. येथेही आधी वाचन आणि मागाहून दर्शन हाच क्रम स्वाभाविक मानला आहे.

जॉर्ज ब्लूस्टोन यांच्या ‘नॉव्हेल्स इंटू फिल्म’ (१९५७) या ग्रंथाने कादंबरी आणि चित्रपट या दोन स्वायत्त कला आहेत, हा विचार ठामपणे मांडला आणि मूळाशी निष्ठा या निकषाला पहिला मोठा धक्का दिला. तथापि प्रेक्षकाचा भेद खऱ्या अर्थाने सिद्धांताच्या पातळीवर आला तो लिंडा हचन यांच्या ‘अ थिअरी ऑफ अ‍ॅडॅप्टेशन’ (२००६) या ग्रंथात. मूळ कृती जाणणारा आणि न जाणणारा अशा दोन प्रेक्षकांत त्यांनी फरक केला. जाणणाऱ्याला रूपांतराचा आस्वाद दुपदरी मिळतो. न जाणणाऱ्याला ती कृती इतर कोणत्याही कृतीसारखी स्वतंत्रच भासते. हा भेद उपयुक्त असला तरी तो दोन व्यक्तींमधील भेद म्हणून मांडला जातो. न वाचलेला प्रेक्षक कसा घडतो, कोणत्या काळात त्याची संख्या वाढते, तो बहुसंख्य झाल्यावर ‘मूळ’ कशाला म्हणावयाचे, हे प्रश्न मात्र इतिहासाचे आहेत.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. एल. फ्रँक बॉम यांचे ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ हे पुस्तक १९०० मध्ये शिकागो येथे प्रसिद्ध झाले आणि मेट्रो-गोल्डविन-मायर या संस्थेचा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट १९३९ मध्ये आला. अद्भुतकथेच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. वास्तववादी कादंबरीवरील चित्रपट पाहणाऱ्याला, त्याने पुस्तक वाचलेले नसले तरी, त्यातील जगाची काहीएक ओळख असते. अद्भुताचे जग पूर्णतः कृतीने निर्माण केलेले असते. तेथील नियम काय, तेथे काय खरे आणि काय भासमान, हे सांगणारा दुसरा कोणताही आधार प्रेक्षकाजवळ नसतो. म्हणून चित्रपटाने त्या जगाची सत्ताच बदलून टाकली, तर न वाचलेल्या प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही. ऑझच्या बाबतीत नेमके हेच घडले.

२

बॉम यांच्या पुस्तकाचे कथानक थोडक्यात असे. कॅन्ससच्या रुक्ष माळरानावर एम आत्या आणि हेन्री काका यांच्याजवळ राहणारी डॉरोथी ही पोरकी मुलगी चक्रीवादळात घरासकट उडून ऑझ या देशात पडते. परत जाण्याचा मार्ग शोधताना तिला बुजगावणे, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह हे सोबती भेटतात. ज्याच्याकडे सर्वजण आशेने जातात तो पाचूनगरीचा जादूगार साधा हातचलाखी करणारा माणूस निघतो. शेवटी डॉरोथीच्या पायांत आरंभापासून असलेले रुप्याचे जोडेच तिला घरी पोहोचवतात. जुन्या परीकथांतील भयप्रद आणि दुःखद भाग वगळून आधुनिक परीकथा लिहिण्याचा आपला हेतू आहे, असे बॉम यांनी प्रस्तावनेत नमूद केले होते. डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांची रंगीत चित्रे हा या पुस्तकाचा अविभाज्य भाग होता. कथा एका प्रदेशातून दुसऱ्यात गेली की पानांवरील रंगही बदलत. रंगाने अर्थ सांगण्याची युक्ती पुढे चित्रपटाने जगप्रसिद्ध केली. परंतु ती मुळात छापील पानावरची होती.

येथे लक्षात घ्यावयास हवे की, या पुस्तकाला ‘निष्ठे’ची परंपरा कधीच नव्हती आणि ती मोडणारांत खुद्द लेखक अग्रभागी होता. १९०२ मध्ये शिकागो येथे रंगभूमीवर आलेल्या आणि १९०३ मध्ये ब्रॉडवेवर गेलेल्या संगीत नाट्यरूपांतराने प्रचंड लोकप्रियता मिळवली. त्यात डॉरोथीच्या टोटो या कुत्र्याची जागा एका गाईने घेतली होती. बुजगावणे आणि लाकूडतोड्या यांच्या भूमिका करणारे फ्रेड स्टोन आणि डेव्हिड मॉन्टगोमरी हे विनोदी नट इतके लोकप्रिय झाले, की बॉम यांनी १९०४ मधील दुसरे ऑझ-पुस्तक त्यांनाच अर्पण केले. १९०८ मध्ये बॉम यांनी स्वतः व्यासपीठावर उभे राहून, रंगवलेल्या काचचित्रांच्या आणि चित्रफितींच्या साह्याने ऑझच्या कथा सांगण्याचा खर्चिक उपक्रम केला. त्या कर्जाने ते पुढे दिवाळखोरीत गेले. १९१४ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस येथे ऑझच्या कथांसाठी चित्रपटसंस्थाही काढली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नावावर या मालेतील १४ पुस्तके जमा होती, त्यांपैकी शेवटचे मरणोत्तर प्रसिद्ध झाले. पुढे रूथ प्लमली थॉम्पसन यांनी माला चालू ठेवली.

या पहिल्या टप्प्यातील प्रेक्षकाचे स्वरूप मात्र स्पष्ट आहे. दरवर्षीच्या नव्या ऑझ-पुस्तकाची वाट पाहणारा बालवाचकवर्ग अमेरिकेत अस्तित्वात होता आणि रंगमंच वा पडदा त्याच्याकडे पाहूनच आपली मांडणी करीत होता. लॅरी सेमन यांच्या १९२५ मधील मूकपटात एक म्हातारा खेळणीवाला लहान मुलीला ऑझचे पुस्तक वाचून दाखवतो आणि त्यातून कथा उलगडते. कथानक मूळापासून कितीही दूर गेलेले असो, पुस्तक पडद्यावर प्रत्यक्ष दिसत होते.

३

१९३९ चा चित्रपटही वाचकाला उद्देशूनच सुरू होतो. सुमारे चाळीस वर्षे या कथेने तरुण मनाच्या लोकांची सेवा केली आणि जे तिच्याशी एकनिष्ठ राहिले त्यांना हा चित्रपट अर्पण आहे, अशा आशयाची पाटी आरंभी येते. म्हणजे ज्या चित्रपटाने पुढे पुस्तकाला झाकून टाकले, त्याचे पहिले वाक्य पुस्तकाच्या वाचकांना केलेले अभिवादन आहे. १९३९ मधील अमेरिकेत हे स्वाभाविक होते. चित्रपटगृहात मुलांना घेऊन आलेल्या आईबापांची पिढी बॉम यांची पुस्तके वाचून वाढली होती.

डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ला (१९३७) लाभलेल्या यशामुळे परीकथेकडे वळलेल्या मेट्रोने १९३८ मध्ये पुस्तकाचे हक्क घेतले आणि त्या काळात अवाढव्य वाटावा असा सुमारे २८ लक्ष डॉलरांचा खर्च केला. नोएल लँग्ली, फ्लॉरेन्स रायर्सन आणि एडगर अ‍ॅलन वूल्फ यांची नावे पटकथाकार म्हणून झळकली. दिग्दर्शनाचे श्रेय व्हिक्टर फ्लेमिंग यांना मिळाले. कॅन्ससची दृश्ये किंग व्हिडोर यांनी चित्रित केली. पटकथेने केलेल्या बदलांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल जोड्यांचा. पुस्तकातील रुप्याचे जोडे पटकथेत माणकांचे झाले. टेक्निकलर प्रक्रियेत पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल रंग उठून दिसतो, हे त्याचे साधे व्यावहारिक कारण. दुसरा बदल चेटकिणीचा. पश्चिमेची दुष्ट चेटकीण पुस्तकात मध्यावर एका प्रकरणात येते आणि त्याच प्रकरणात नाश पावते. ती एकाक्ष आहे, हिरवी नाही. चित्रपटात मार्गारेट हॅमिल्टन यांनी रंगवलेली हिरव्या कातडीची चेटकीण कथेच्या आरंभापासून डॉरोथीचा पिच्छा पुरवते. तिसरा बदल सर्वांत मूलगामी. पुस्तकात ऑझ हा खरा देश आहे. चित्रपटात ते डॉरोथीच्या डोक्याला मार लागल्यावर पडलेले स्वप्न आहे. ते पटावे म्हणून शेतावरचे तीन गडी, तालेवार शेजारीण मिस गल्च आणि फिरता भविष्यवेत्ता ही पुस्तकात नसलेली पात्रे कॅन्ससमध्ये निर्माण केली गेली. तेच नट ऑझमध्ये बुजगावणे, लाकूडतोड्या, सिंह, चेटकीण आणि जादूगार होऊन येतात. प्रौढ प्रेक्षक निखळ अद्भुत स्वीकारणार नाही, ही स्टुडिओची धारणा या योजनेमागे होती.

त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये केलेले वर्गीकरण येथे उपयोगी पडते. घडलेल्या अतर्क्य घटनेसाठी नवे निसर्गनियम मान्य करावे लागले तर कृती अद्भुताच्या प्रांतात जाते. परिचित नियमांनीच, उदाहरणार्थ स्वप्न वा भ्रम यांनी, तिचा उलगडा झाला तर ती विलक्षणाच्या प्रांतात राहते. या परिभाषेत बोलावयाचे तर बॉम यांची अद्भुतकथा चित्रपटाने विलक्षणकथेत परिवर्तित केली. विशेष असे की, जे. आर. आर. टॉल्किन यांनी मार्च १९३९ मध्ये, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी पाच महिने, सेंट अँड्रूज येथे परीकथेवर व्याख्यान दिले होते. त्याचा विस्तारित निबंध १९४७ मध्ये छापला गेला. त्यात त्यांनी स्वप्नाच्या चौकटीत बसवलेल्या कथेला परीकथा म्हणण्यास नकार दिला आहे. निर्मिलेले जग निर्मात्यानेच खोटे ठरवले, तर परीकथेच्या मुळाशी असलेली आकांक्षाच फसवली जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्यासमोर हा चित्रपट नव्हता. परंतु तत्त्वतः त्यांचा आक्षेप या चित्रपटाला तंतोतंत लागू पडतो.

पुस्तक वाचलेल्या १९३९ च्या प्रेक्षकाला हा फरक जाणवणे शक्य होते. हे स्वप्न आहे असे चित्रपट म्हणतो, पण ऑझ खरा आहे हे मला माहीत आहे, असे तो मनाशी म्हणू शकत होता. चित्रपटाच्या शेवटी बिछान्याभोवती जमलेली मंडळी डॉरोथीच्या सांगण्यावर विश्वास ठेवीत नाहीत. वाचलेला प्रेक्षक त्या क्षणी डॉरोथीचा साक्षीदार होता. न वाचलेल्या प्रेक्षकापाशी ही साक्ष नव्हती. तो तिच्या बाजूने उभा राहू शकला तरी केवळ सहानुभूतीने.

४

हा दुसरा प्रेक्षक मोठ्या संख्येने निर्माण झाला तो चित्रपटगृहात नव्हे, तर दूरचित्रवाणीसमोर. पहिल्या प्रदर्शनात चित्रपट आपला खर्च भरून काढू शकला नव्हता. १९४९ च्या पुनःप्रदर्शनानंतर तो नफ्यात आला. ३ नोव्हेंबर १९५६ रोजी सीबीएस वाहिनीने तो प्रथमच देशभर दाखवला आणि सुमारे साडेचार कोटी लोकांनी तो पाहिला असा अंदाज केला जातो. १९५९ पासून तो वर्षातून एकदा दाखवण्याचा प्रघात पडला आणि कित्येक दशके टिकला. पूर्वी मुले दरवर्षीच्या नव्या ऑझ-पुस्तकाची वाट पाहत. आता त्या वार्षिक प्रतीक्षेची जागा प्रक्षेपणाने घेतली.

या प्रेक्षकांपैकी बहुतेकांच्या घरी कृष्णधवल संच होते. राखाडी कॅन्ससमधून रंगीत ऑझमध्ये दार उघडण्याचा जो क्षण चित्रपटाचा परमोच्च बिंदू मानला जातो, तो त्यांना दिसलाच नाही. म्हणजे ज्यांच्यामुळे हा चित्रपट अभिजात ठरला, त्यांतील पुष्कळांनी पुस्तकही वाचले नव्हते आणि एका अर्थाने चित्रपटही पूर्ण पाहिला नव्हता. तरीही तो त्यांच्या स्मृतीचा भाग झाला. प्रेक्षकाचे आकलन परिपूर्ण संहितेवर अवलंबून असते, असे मानणाऱ्या समीक्षेने या वस्तुस्थितीची दखल घेणे आवश्यक आहे.

याच सुमारास पुस्तकाच्या बाजूला काय घडत होते? १९५६ मध्येच पुस्तकाचा अमेरिकेतील स्वामित्वहक्क संपला आणि ते सर्वांसाठी मुक्त झाले. ते दुर्मिळ झाले म्हणून वाचले गेले नाही, असे त्यानंतर म्हणता येत नाही. मात्र ग्रंथालयांच्या क्षेत्रात ऑझ-मालेविषयी जुनी अढी होती. डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे संचालक राल्फ अल्व्हलिंग यांनी १९५७ मध्ये या पुस्तकांना वाङ्मयीन मूल्य नसल्याचे जाहीरपणे सांगितले आणि त्यावर वाद उसळला. त्याच वर्षी मार्टिन गार्डनर आणि रसेल नाय यांनी बॉम यांच्यावरील पुस्तक मिशिगन राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनातर्फे काढून त्यांच्या गंभीर अभ्यासाला आरंभ केला. ग्रंथपाल पुस्तक नाकारीत होते, अभ्यासक ते उचलून धरीत होते आणि बहुसंख्य मुले दोघांनाही ओलांडून चित्रपट पाहत होती. ‘पुस्तक न वाचलेला’ ही त्या मुलांची व्यक्तिगत त्रुटी नव्हती. कोणती कृती घरात पोहोचते आणि कोणती कपाटात राहते, हे ठरवणाऱ्या संस्थांचा तो परिणाम होता.

५

न वाचलेला प्रेक्षक बहुसंख्य झाल्यावर ‘मूळ’ या संकल्पनेचे काय होते, याचा प्रत्यय १९८५ मध्ये आला. वॉल्टर मर्च दिग्दर्शित आणि डिस्नेनिर्मित ‘रिटर्न टू ऑझ’ हा चित्रपट बॉम यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ऑझ-पुस्तकांवर आधारलेला होता. त्यातील डॉरोथी सोळा वर्षांच्या जुडी गार्लंडसारखी नव्हती. पुस्तकाला साजेशी लहान मुलगी होती. त्यात गाणी नव्हती आणि त्याची दृश्यरचना पुस्तकांतील जुन्या चित्रांशी जवळीक राखणारी होती. आरंभी डॉरोथी ऑझच्या आठवणी सांगत राहते म्हणून तिला विजेच्या उपचारांसाठी नेले जाते. मूळ मालेशी अनेक बाबतींत अधिक प्रामाणिक असलेला हा चित्रपट अमेरिकेत अपयशी ठरला. तो भेसूर आहे, ऑझच्या प्रकृतीशी विसंगत आहे, असा आक्षेप घेतला गेला. ही विसंगती कोणत्या मूळाशी होती? १९३९ च्या चित्रपटाशी. खुद्द निर्मात्यांनाही ते मूळ टाळता आले नाही. पुस्तकातील जोडे कोणालाही विनामूल्य उपलब्ध असताना त्यांनी मेट्रोकडून परवानगी घेऊन माणकांचे जोडे वापरले, कारण प्रेक्षकाला ओळखीचे जोडे तेच होते.

विद्वत्तेच्या क्षेत्रात याची उलट बाजू दिसते. हेन्री लिटलफील्ड या शाळाशिक्षकांनी १९६४ मध्ये ‘अमेरिकन क्वार्टर्ली’त लिहिलेल्या लेखात पुस्तकाचा संबंध १८९० च्या दशकातील शेतकऱ्यांच्या राजकीय चळवळीशी जोडला. पिवळ्या विटांचा रस्ता हे सुवर्णचलन आणि त्यावरून चालणारे रुप्याचे जोडे ही रौप्यचलनाची मागणी, असे वाचन त्यांनी केले. १८९६ च्या निवडणुकीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी मांडलेल्या चलनविषयक प्रश्नाची पार्श्वभूमी त्याला होती. ह्यू रॉकॉफ यांनी १९९० मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’तून या वाचनाचा अर्थशास्त्रीय विस्तार केला. बॉम यांच्या चरित्रात अशा हेतूला आधार नाही, हे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आणि लेखकाच्या हेतूविषयीचा दावा आज कोणी गंभीरपणे करीत नाही. परंतु येथे मुद्दा वेगळा आहे. हे वाचन बरोबर असो वा चूक, ते सुचण्यासाठी जोडे रुप्याचे असल्याचे ठाऊक असावे लागते. माणकांचे जोडे पाहिलेल्या प्रेक्षकाला ते सुचूच शकत नाही. रंगाच्या सोयीसाठी केलेल्या एका बदलाने अर्थनिर्णयाची एक संपूर्ण दिशा बंद होते, आणि बंद झाल्याचे कोणाला कळत नाही.

तिसरे उदाहरण ग्रेगरी मग्वायर यांच्या ‘विकेड’ (१९९५) या कादंबरीचे. तिच्यात दुष्ट मानल्या गेलेल्या चेटकिणीची बाजू मांडली आहे. तिचे एल्फाबा हे नाव बॉम यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून घडवले आहे. तिची हिरवी कातडी मात्र चित्रपटातून आली आहे. या कादंबरीवरून २००३ मध्ये ब्रॉडवेवर संगीतिका झाली आणि तिच्यावरून २०२४ व २०२५ मध्ये दोन भागांत चित्रपट निघाला. त्या चित्रपटात जोडे पुन्हा चंदेरी आहेत, तर नायिका हिरवीच आहे. पुस्तक, चित्रपट, कादंबरी, संगीतिका आणि पुन्हा चित्रपट अशा या साखळीत कोणत्या कडीला मूळ म्हणावे? २०२४ मध्ये हा चित्रपट पाहणाऱ्या तरुण प्रेक्षकाने मग्वायर वाचलेले नसतील, बॉम वाचलेले नसतील, आणि कदाचित १९३९ चा चित्रपटही पाहिलेला नसेल. त्याच्यापुरते ‘न वाचलेले’ आता एकावर एक रचलेल्या थरांचे झाले आहे.

६

असे असताना पुस्तक न वाचल्याने नेमके काय हुकते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर ‘तपशील’ असे देणे पुरेसे नाही. ऑझच्या बाबतीत हुकते ते घराविषयीचे विधान.

घराहून श्रेष्ठ स्थळ नाही, या आशयाचे वाक्य चित्रपटाच्या शेवटी मंत्रासारखे येते आणि तेच त्याचे तात्पर्य ठरते. हे वाक्य पुस्तकातही आहे. पण ते आरंभीच्या एका प्रकरणात डॉरोथी बुजगावण्याला ऐकवते. त्यावर बुजगावणे उत्तरते, की माणसांची डोकी माझ्यासारखी पेंढ्याने भरलेली असती तर सगळे सुंदर देशांतच राहिले असते आणि कॅन्ससला कोणी उरले नसते. तेव्हा तुम्हांला मेंदू आहे हे कॅन्ससचे भाग्यच. पुस्तकात या वाक्याला लगेच उपरोधाची किनार मिळते. चित्रपटाने वाक्य ठेवले आणि उत्तर गाळले.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुस्तकाच्या शेवटी आहे. डॉरोथी परतते तेव्हा तिला समोर दिसते ते हेन्री काकांनी बांधलेले नवे घर. जुने घर वादळात उडून ऑझमध्येच राहिले आहे. ऑझ खरा असल्याचा हा भौतिक पुरावा होय. बॉम यांनी या नव्या घराचा हिशेब विसरला नाही. १९१० मधील ‘द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ’ या सहाव्या पुस्तकात कळते, की ते घर बांधण्यासाठी हेन्री काकांनी शेत गहाण टाकले होते. कर्ज फिटत नाही, सावकारी बँक शेत घेऊ पाहते, आणि तेव्हा डॉरोथी काका-आत्यांना घेऊन कायमची ऑझला राहावयास जाते. वादळाने घर नेले, घरासाठी कर्ज झाले, कर्जाने शेत गेले: या कार्यकारणाच्या साखळीत अद्भुत आणि अर्थव्यवहार एकमेकांत गुंतलेले आहेत. बॉम यांनी स्वतः १८८८ ते १८९१ या काळात डकोटाच्या माळावरील अ‍ॅबर्डीन गावी दुकान आणि वृत्तपत्र चालवून दोन्ही गमावले होते. शेतकऱ्याचे दिवाळे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

चित्रपटात वादळाने नेलेले घर जागच्या जागी आहे, कारण ते कधी गेलेच नव्हते. डॉरोथी बिछान्यात जागी होते, सर्वजण आनंदतात. मात्र मिस गल्च टोटोला मारण्यासाठी कायद्याचा हुकूम घेऊन आली होती, त्याचे पुढे काय झाले हे चित्रपट सांगत नाही. स्वप्नाने काहीच सोडवलेले नाही. फक्त प्रश्न विचारण्याची गरज वाटेनाशी झाली आहे. ज्या वर्षांत अमेरिकेच्या मध्यभागातील हजारो शेतकरी कुटुंबे धुळीच्या वादळांनी आणि कर्जांनी घराबाहेर काढली गेली, त्या दशकाच्या अखेरीस चित्रपटगृहात घराचा महिमा गायिला जात होता, ही बाब केवळ योगायोगाची नाही.

तरीही न वाचलेला प्रेक्षक हे सारे निमूटपणे स्वीकारतोच असे नाही, आणि याचा उत्तम पुरावा मुंबईचा आहे. सलमान रश्दी यांनी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मालिकेसाठी १९९२ मध्ये या चित्रपटावर छोटे पुस्तक लिहिले. मुंबईत लहानपणी पाहिलेला हा चित्रपट आपल्यावरील पहिला वाङ्मयीन प्रभाव होता, असे ते त्यात सांगतात. दहाव्या वर्षी लिहिलेल्या आपल्या पहिल्या गोष्टीला त्यांनी चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यातील शब्दांचेच शीर्षक दिले होते. ‘वाङ्मयीन प्रभाव’ हा शब्दप्रयोग चित्रपटासाठी व्हावा, यात आपल्या विषयाचे मर्म आहे. शिवाय रश्दींचा प्रमुख आक्षेप चित्रपटाच्या घराविषयीच्या तात्पर्यावरच आहे. निघून जाण्याची ओढ हाच चित्रपटाचा खरा प्राण असून समारोप त्याच्याशी द्रोह करतो, असे ते स्थलांतरिताच्या दृष्टीने दाखवतात. म्हणजे पुस्तकाने घराविषयी जी शंका बोलून दाखवली होती, तिच्याजवळ ते चित्रपटाच्या अंतर्गत ताणाचा मागोवा घेत पोहोचतात. रूपांतराने गाळलेले सर्वस्वी नाहीसे होत नाही. ते कृतीच्या सांध्यांत खटकत राहते, आणि सजग प्रेक्षकाला ते खटकणे ऐकू येऊ शकते.

याच मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पाहणाऱ्या प्रेक्षकाशी तुलना केली तर ऑझच्या प्रेक्षकाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होईल. त्या प्रेक्षकांपैकी फार थोड्यांनी पुराणग्रंथ वाचले असतील. परंतु कीर्तन, आख्यान, नाटक, घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी यांतून हरिश्चंद्र त्यांच्या पूर्ण परिचयाचा होता. पडद्यावर काही कमीजास्त झाले तर ते त्यांना कळत असे. न वाचणे म्हणजे न जाणणे नव्हे, हे समीकरण मौखिक परंपरेत टिकून राहते. ऑझला अशी परंपरा नव्हती. त्याचे सर्व अस्तित्व पुस्तकात होते आणि पुस्तक मागे पडताच चित्रपटाला ताडून पाहणारे दुसरे काही उरले नाही. बाजारपेठेसाठी एका लेखकाने निर्मिलेल्या आधुनिक अद्भुतकथेचे हे वैशिष्ट्य आहे आणि तिचे दौर्बल्यही आहे.

७

या विवेचनातून समीक्षेच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, मूळाशी निष्ठा हा निकष सदोष आहे तो केवळ दोन माध्यमे भिन्न आहेत म्हणून नव्हे. तो ज्या वाचक-प्रेक्षकाला गृहीत धरतो तो विशिष्ट काळात आणि विशिष्ट वर्गातच आढळतो, म्हणूनही तो सदोष आहे. १९३९ च्या ऑझला तसा प्रेक्षक होता, १९५६ च्या ऑझला उरला नव्हता. चित्रफीत तीच असूनही दोन्ही वेळा कृती एकच होती असे म्हणणे कठीण आहे. दोन, निष्ठेचा निकष सोडला म्हणजे मूळ संहितेचा विचारच सोडावा, असा जो निष्कर्ष रूपांतराच्या अलीकडील चर्चेत कधीकधी सहजपणे काढला जातो, तो स्वीकारता येत नाही. पुस्तक चित्रपटाहून श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे, तर चित्रपटाने काय निवडले आणि कशाविषयी मौन पाळले, हे त्याच्याशेजारी पुस्तक ठेवल्यावाचून दिसत नाही, म्हणून त्याकडे परत जावे लागते.

बॉम यांच्या पाचूनगरीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला हिरवा चष्मा कुलूप लावून घालावा लागतो. नगरी इतर कोणत्याही शहराइतकीच हिरवी आहे आणि उरलेली हिरवाई चष्म्याची आहे, अशी कबुली जादूगार शेवटी देतो. चित्रपटात चष्मे नाहीत. तेथील नगरी खरोखरच हिरवी आहे. पुस्तकाने फसवणुकीची यंत्रणा वाचकाच्या हाती दिली होती, ती चित्रपटाने काढून घेतली. गंमत अशी की, अद्भुत देशाला स्वप्न ठरवणाऱ्या चित्रपटाने त्या देशातील एकमेव उघड भ्रम मात्र खरा करून दाखवला. पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकाला हे सांगणे, आणि त्याने पाहिलेल्या हिरव्या नगरीचे सौंदर्य न नाकारता सांगणे, हे रूपांतराच्या इतिहासलेखनाचे काम आहे.